बार्शीची परिषद, सोलापूरचे भाषण आणि आपले मौन

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय केला आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा गणनेचा संदर्भदिनांक ठरविण्यात आला. १९३१ नंतर नियमित जनगणनेत सर्व जातींची नोंद झालेली नाही. या निर्णयाची चर्चा वृत्तपत्रांतून मुख्यत्वे आरक्षणाच्या टक्केवारीभोवती फिरत राहिली. ख्रिस्ती समाजात मात्र तिच्याविषयी एक अवघडलेले मौन आढळते. प्रगणकाने धर्म विचारला, तर आपण अभिमानाने 'ख्रिस्ती' असे सांगू. पण त्याने जात विचारली, तर काय सांगावे? 'आमच्यात जात नाही' असे म्हणून मोकळे व्हावे, की पणजोबांची जात नोंदवावी?

या अवघडलेपणाचे मूळ शोधू लागलो की आपण सोलापूर जिल्ह्यात येऊन पोहोचतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सार्वजनिक जीवनाच्या प्रारंभीची एक महत्त्वाची परिषद याच जिल्ह्यातील बार्शी येथे भरली होती आणि ख्रिस्ती समाजाला उद्देशून त्यांनी केलेले एक स्पष्टोक्तीचे भाषण याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात झाले होते. या दोन प्रसंगांच्या प्रकाशात बाबासाहेबांच्या जीवनकार्याकडे पाहिले, तर जातगणनेच्या निमित्ताने आपल्यापुढे आलेला प्रश्न अधिक स्वच्छ दिसेल, असे आम्हांस वाटते.

बार्शी, मे १९२४

बार्शी हे बालाघाटाच्या परिसरातील व्यापारी गाव. भगवंताच्या मंदिरामुळे ते भाविकांना, तर कापूस, धान्य यांच्या बाजारपेठेमुळे व्यापाऱ्यांना ठाऊक होते. १८९७ मध्ये सुरू झालेल्या 'बार्शी लाइट रेल्वे'ने ते कुर्डुवाडीशी जोडले गेले. ब्रिटिश मुलखातला हा तालुका निजामाच्या राज्याला लागून होता. या गावी मे १९२४ मध्ये मुंबई इलाख्यातील बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली. तिला २०२४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली.

त्या वेळी डॉ. आंबेडकर अवघे तेहतीस वर्षांचे होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे एका लष्करी सुभेदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला अर्थशास्त्र व कायदा शिकून १९२३ मध्ये ते स्वदेशी परतले. मधल्या काळात, १९१७ मध्ये, बडोद्यास नोकरीवर रुजू झाल्यावर केवळ जातीमुळे त्यांना राहावयास जागा मिळाली नव्हती. एवढ्या विद्येनेही जातीचा डाग पुसला जात नाही, हा धडा त्यांनी तेथे घेतला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाचे स्वागत केले.

बार्शीच्या परिषदेत बोलताना त्यांनी धर्मांतराचा विचारही श्रोत्यांपुढे मांडला. येवल्याची गाजलेली घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी झालेली आहे. बाबासाहेबांचे धर्मांतर ही रागाच्या भरात घडलेली गोष्ट होती, असे अजूनही कधी कधी ऐकू येते; त्यांनी बार्शीकडे पाहावे. १९२४ पासून १९५६ पर्यंत, बत्तीस वर्षे, हा माणूस एका प्रश्नावर विचार करीत राहिला: माणसाला माणूस म्हणून उभे करील असा धर्म कोणता?

या परिषदेनंतर दोनच महिन्यांनी, २० जुलै १९२४ रोजी, मुंबईत 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. आधी विचार, मग संघटना आणि लगोलग शिक्षणाची सोय, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढील सारे कार्य याच रीतीने झाले.

कायदा आणि कृती यांची सांगड

बाबासाहेबांच्या सुधारणाकार्याचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी समाजसुधारणा केवळ मनःपरिवर्तनावर सोपविली नाही. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या होत्या. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून बाबासाहेबांनी त्या कागदाला जिवंत केले. जो हक्क कायद्याने मिळाला, तो संघटित होऊन बजावला नाही तर मिळाला नसल्यासारखाच असतो, हा त्या सत्याग्रहाचा अर्थ होता.

१९३० च्या मार्चमध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढील सत्याग्रह, लंडनच्या गोलमेज परिषदा, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आणि १९३६ मधील स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना या घटना सर्वपरिचित आहेत. मजूर पक्षाचे नाव येथे महत्त्वाचे आहे. आपण केवळ एका जातीचे पुढारी नसून श्रमणाऱ्या सर्वांचे प्रतिनिधी आहोत, ही त्यांची भूमिका त्यातून दिसते. १९३७ मध्ये त्यांनी कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणाऱ्या १९४६ च्या दुरुस्तीसाठी त्यांनी परिश्रम घेतले.

कॅथोलिक वाचकांच्या ध्यानी एक योगायोग आणून द्यावासा वाटतो. बाबासाहेबांच्या जन्मानंतर महिनाभराने, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी 'रेरूम नोव्हारुम' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. कामगाराला न्याय्य वेतन आणि संघटनेचा हक्क आहे, असे त्यात ठामपणे सांगितले होते. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव धारण केले, तेही त्या विश्वपत्राचे स्मरण करून. ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण आणि बाबासाहेबांचे मजूरविषयक कार्य यांचे उगम वेगळे आहेत. परंतु श्रमिकाच्या प्रतिष्ठेवर दोन्हींचा सारखाच भर आहे.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी राज्यघटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली आणि तिचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आपणास कलम २५ ने दिले, ते याच घटनेतून. घटना स्वीकृत होण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, त्यांनी घटना समितीला बजावले की, राजकारणात एका माणसाला एक मत आणि त्या मताला एक मूल्य देऊनही समाजात विषमता कायम राहिली, तर राजकीय लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. हिंदू स्त्रियांना वारसा व विवाह यांबाबत हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी विधिमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ व १९५६ मध्ये त्या विधेयकाचा बराचसा आशय निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने संमत झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

सोलापूर, १ जानेवारी १९३८

आता त्या दुसऱ्या प्रसंगाकडे वळू. येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेब कोणता धर्म स्वीकारणार, याची उत्सुकता देशभर होती. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. सोलापूरचा ख्रिस्ती समाज प्रामुख्याने अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यातून उभा राहिलेला, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेचा होता. भाषणाचा वृत्तांत पुढे त्यांच्या 'जनता' पत्रात प्रसिद्ध झाला. ते बोल एका पंथापुरते नव्हते. म्हणून कॅथोलिकांनीही ते आपल्यासाठीच आहेत असे मानावे.

बुद्ध आणि ख्रिस्त या दोन विभूतींनी आपले मन वेधून घेतले आहे, असे त्यांनी त्या सभेत मोकळेपणाने सांगितले. समता, बंधुता आणि स्वातंत्र्य यांनुसार वागावयास शिकविणारा धर्म आपणास हवा, हेही सांगितले. परंतु त्याच भाषणात त्यांनी ख्रिस्ती समाजापुढे तीन गोष्टी परखडपणे ठेवल्या. दक्षिणेत ख्रिस्तमंदिरातही जातिभेद पाळला जातो, ही पहिली. तुमच्यात शिकलेली मुलेमुली शेकड्यांनी आहेत, पण अन्यायाविरुद्ध तुम्ही समाज म्हणून कधी झगडला नाहीत, ही दुसरी. तुम्ही राजकारणापासून अलिप्त राहता, म्हणून तुमची दाद घेणारा कोणी नाही, ही तिसरी. अस्पृश्यांची मुले ख्रिस्ती झाली की त्यांची शिष्यवृत्ती बंद होते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

हे बोल शत्रूचे नव्हते. ख्रिस्ताविषयी आदर असलेल्या आणि ख्रिस्ती समाजासाठी काम करण्याची तयारी दर्शविणाऱ्या माणसाचे ते बोल होते. ख्रिस्ताकडे ओढला गेलेला एक थोर पुरुष ख्रिस्ती समाजाकडे पाहून थबकला. त्याच्या निवडीची आणखीही कारणे होती. बौद्ध धम्माची ओढ आणि त्याचे भारतीयत्व ही त्यांतली मोठी कारणे. तरीही सोलापूरच्या भाषणातील आक्षेपांना आपण काय उत्तर दिले, हा प्रश्न त्याने नाहीसा होत नाही.

ख्रिस्ती संस्थांनी काहीच केले नाही, असे कोणी म्हणणार नाही. शाळा, दवाखाने, वसतिगृहे, कुष्ठरुग्णांची सेवा यांचा मोठा वारसा महाराष्ट्राला लाभला आहे. बाबासाहेबांनाही तो ठाऊक होता. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, सेवेने माणसाचे दुःख हलके होते. पण त्या दुःखाचे कारण हटवावयाचे तर हक्कांची भाषा बोलावी लागते. भला शोमरोनी वाटेत घायाळ पडलेल्याच्या जखमा बांधतो, हे प्रभूने शिकविले. त्याच वाटेवर रोज माणसे लुटली जात असतील, तर ती वाट सुरक्षित करणे हेही शेजारधर्मातच येते.

१९५० चा आदेश

शिष्यवृत्ती गमावण्याची जी गोष्ट बाबासाहेबांनी १९३८ मध्ये सांगितली, तिला स्वातंत्र्यानंतर अधिक व्यापक रूप आले. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. तेव्हा बाबासाहेब स्वतः विधिमंत्री होते, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. याच परिच्छेदाचा फटका १९५६ नंतर त्यांच्या अनुयायांनाही बसला. शीख दलितांचा समावेश १९५६ मध्ये झाला. बौद्धांना केंद्राच्या स्तरावर हा दर्जा मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती त्यांना आधीच दिल्या होत्या. संघटित राहून, वर्षानुवर्षे मागणी रेटून त्यांनी तो हक्क मिळविला. बार्शीपासून सुरू झालेली शिकवण त्यांनी अमलात आणली.

दलित ख्रिस्ती बांधव मात्र अजूनही त्या दर्जाबाहेर आहेत. याचा व्यवहारातला अर्थ सोलापूर जिल्ह्यापुरता पाहू. मोहोळ आणि माळशिरस हे विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. सोलापूर लोकसभा मतदारसंघ २००९ पासून राखीव आहे. त्याच वस्तीतील, त्याच पूर्वजांचा, त्याच गरिबीत वाढलेला तरुण जर ख्रिस्ती असेल, तर तो या जागांवर उभा राहू शकत नाही. जातीवरून त्याला मारहाण झाली, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्याला मागता येत नाही. अनेक राज्यांत अशा कुटुंबांना इतर मागास वर्गांत स्थान मिळते, पण या दोन उणिवा त्याने भरून निघत नाहीत. अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अशी अट नाही, हे आपल्या आदिवासी बांधवांच्या संदर्भात ध्यानी घ्यावे.

२००७ मध्ये न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने हा दर्जा धर्मनिरपेक्ष करावा, अशी शिफारस केली. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्राने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाच्या अभ्यासासाठी नवा आयोग नेमला. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे घटनेच्या स्वीकृतीला पंचाहत्तर वर्षे झाली त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका प्रकरणात असा निर्णय दिला की, ख्रिस्ती श्रद्धा आचरीत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही घटनेची फसवणूक होय. या निर्णयाने अनेकांना वेदना झाल्या. पण त्यात दडलेला बोध टाळता येणार नाही. कागदावर एक धर्म आणि अंतःकरणात दुसरा, हे जगणे ज्या कुटुंबांवर लादले गेले आहे, त्यांच्यासाठी लपून राहणे हा मार्ग उरलेला नाही. कायदा बदलण्याची उघड मागणी, हाच मार्ग आहे.

मौनाची किंमत

येथे एक पेच आहे आणि त्याचा स्पष्ट उच्चार व्हावयास हवा. १९८५ मध्ये 'सूसै' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, ख्रिस्ती झाल्यावरही जातीचे दुष्परिणाम तितक्याच तीव्रतेने भोगावे लागतात, याचा पुरेसा पुरावा न्यायालयापुढे आलेला नाही. म्हणजे 'आमच्यात जात नाही' असे आपण जितक्या वेळा म्हणतो, तितक्या वेळा आपल्याच गरीब भावंडांचा दावा दुबळा करतो. उलट जात आहे असे म्हटले, तर ती आपल्या मंदिरांत, दफनभूमींत, विवाहसंबंधांत आणि नेमणुकांत कोठे आहे, हे दाखविण्याची व ती घालविण्याची जबाबदारी आपल्यावर येते. मौन सोयीचे वाटते, ते यामुळेच. पण त्या सोयीची किंमत ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे, त्यांनाच मोजावी लागते.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये 'गौदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात वंश, वर्ण, सामाजिक स्थिती यांवरून होणारा भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध असल्याचे सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये तामिळनाडूच्या बिशपांना दलितांना वेगळे पाडणाऱ्या प्रथांविषयी कडक शब्दांत समज दिली. भारताच्या कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि नेतृत्वात दलितांचा वाटा अत्यल्प असल्याचे त्यात मान्य केले. २७ ऑगस्ट २०२२ रोजी हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल. ही सारी पावले आनंदाची आहेत. धोरण धर्मग्रामापर्यंत पोहोचते का, हे मात्र प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःलाच विचारावे. संत याकोबाने आपल्या पत्रात श्रीमंताला पुढे बसविणाऱ्या आणि गरिबाला खाली बसावयास सांगणाऱ्या मंडळीला फटकारले आहे. त्या पत्राचे वाचन आपल्या मिस्सात होते. ते ऐकून बाकावरची जागा बदलते का?

राजकारणाविषयीचा संकोचही सोडावयास हवा. घटना समितीत एच. सी. मुखर्जी आणि येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा यांसारखे ख्रिस्ती सभासद होते. १९४९ मध्ये ख्रिस्ती समाजाने कायदेमंडळातील राखीव जागांचा आग्रह सोडला. ते औदार्य राष्ट्राच्या ऐक्यासाठी होते आणि त्याचा अभिमान बाळगावा. परंतु राखीव जागा सोडणे म्हणजे सार्वजनिक जीवन सोडणे नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या विश्वपत्रात राजकारणाकडे प्रीतीच्या सेवेचे एक थोर रूप म्हणून पाहिले आहे. ग्रामसभेत बसणे, नगरपरिषदेच्या निवडणुकीत उभे राहणे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज करणे, शाळेतील शिष्यवृत्तीचे कागद वेळेवर भरून देणे, ही सर्व ख्रिस्ती साक्षीचीच कामे होत.

आता काय करावे?

जातगणनेच्या संदर्भात आमचे मत असे. धर्म विचारला जाईल तेथे 'ख्रिस्ती' अशीच नोंद करावी; श्रद्धा लपविण्यात देवाचा गौरव नाही. जात विचारली जाईल तेथे कुटुंबाची खरी सामाजिक पार्श्वभूमी निःसंकोच सांगावी. ती सांगणे म्हणजे जातीवर विश्वास ठेवणे नव्हे; आजार सांगितल्याशिवाय वैद्याला औषध देता येत नाही. आजवरच्या जनगणनांत अनुसूचित जातींची नोंद केवळ हिंदू, शीख व बौद्ध यांच्यापुरती होत असल्याने दलित ख्रिस्ती बांधवांची अधिकृत संख्याच उपलब्ध नाही. ज्यांची गणती नाही, त्यांची दाद लागत नाही. ज्या कुटुंबांना जातीचा चटका कधी बसला नाही, त्यांनी 'हे आमचे नव्हे' म्हणून बाजूला होऊ नये. एकाच शरीराचे आपण अवयव आहोत, असे मानणाऱ्यांना हा पर्याय नाही.

प्रत्येक धर्मग्रामाने एखाद्या रविवारी मिस्सानंतर अर्धा तास काढून जनगणनेतील प्रश्न समजावून द्यावेत. प्रापंचिकांनी पुढाकार घ्यावा, धर्मगुरूंनी पाठीशी उभे राहावे. हे करताना कोणावर दडपण आणू नये आणि कोणाची जात चव्हाट्यावर मांडू नये.

बाबासाहेबांची जयंती १४ एप्रिलला आणि पुण्यतिथी ६ डिसेंबरला येते. त्या दिवशी हार घालणे उचितच आहे. परंतु विभूतिपूजेविषयी घटना समितीत इशारा देणाऱ्या या नेत्याला हारापेक्षा उत्तर अधिक आवडले असते. सोलापूरच्या सभेत ज्या समाजाला त्यांनी इतक्या आपुलकीने आणि इतक्या स्पष्टपणे विचारले, त्या समाजाने आता तोंड उघडावे. ख्रिस्ताच्या ज्या रूपाने बाबासाहेबांचे मन वेधले, ते रूप आपल्या वागण्यातून दिसो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.